नावाहो कोड टॉकर: न फुटलेला कोड आणि उशिरा मिळालेला मान

मार्च 2025 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या वेबसाइटवरून नावाहो कोड टॉकरांची माहिती देणारे बरेच लेख दिसेनासे झाले. विविधता आणि समावेशन या सदरात मोडणारा मजकूर काढून टाका, असा वरून हुकूम होता. त्या झाडलोटीत दुसऱ्या महायुद्धातले हे सैनिकही केरात गेले. ओरड झाली, तेव्हा काही दिवसांत लेख परत आले. पण त्या निमित्तानं पुष्कळांना पहिल्यांदाच प्रश्न पडला: हे कोड टॉकर कोण, त्यांनी असं काय केलं, आणि ऐंशी वर्षांनंतरही त्यांच्या मानपानावरून अमेरिकेत वाद का होतो?

यातला कोडचा भाग गमतीदार आहे, मानाचा भाग तितका नाही. दोन्ही क्रमानं पाहू.

आधी माणसं

नावाहो ही अमेरिकेतली मोठी आदिवासी जमात. ते स्वतःला दिने म्हणतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत त्यांचा मुलूख पसरलेला आहे आणि विंडो रॉक ही त्यांची राजधानी. तिथं त्यांचं स्वतःचं निवडून आलेलं सरकार आहे.

1864 साली अमेरिकी लष्करानं त्यांची घरं, शेतं जाळली, पीचची झाडं तोडली आणि हजारो माणसांना शेकडो मैल चालवत बोस्के रेडोंडो इथल्या छावणीत नेऊन ठेवलं. वाटेत आणि छावणीत उपासमारीनं, रोगानं खूप माणसं गेली. 1868 च्या तहानंतर ती आपल्या मुलखात परतू शकली. त्यानंतर मुलांना निवासी शाळांत घालणं सुरू झालं. तिथं केस कापायचे, नाव बदलायचं आणि इंग्रजीच बोलायचं. पुढे कोड टॉकर झालेले चेस्टर नेझ यांनी सांगून ठेवलंय की नावाहो बोलल्याबद्दल शाळेत त्यांचं तोंड साबणानं धुतलं जायचं. 1930 च्या दशकात, जमिनीची धूप होते म्हणून, सरकारनं त्यांच्या मेंढ्यांचे कळपच्या कळप मारले. ज्या घराचा संसार मेंढ्यांवर चालतो त्याला हे किती लागलं असेल, हे धनगरवाड्यावरच्या माणसाला सांगावं लागणार नाही.

शाळेत साबणानं तोंड धुतलेला हाच मुलगा 1942 साली मरीन दलात भरती झाला, आणि दलाला त्याच्याकडून नेमकी तीच भाषा हवी होती.

युद्धात अडलं कुठं होतं?

रेडिओवरून बोललेलं शत्रूलाही ऐकू येतं. पॅसिफिक महासागरातल्या लढाईत जपान्यांकडे उत्तम इंग्रजी येणारी माणसं होती. काही तर अमेरिकेतच शिकलेली. त्यामुळे महत्त्वाचा निरोप कोडमध्ये पाठवावा लागे. कोड म्हणजे आधी ठरवून ठेवलेली अदलाबदल: म्हणायचं एक, समजायचं दुसरं. मुख्यालयात बसून, यंत्रावर, तक्ते समोर ठेवून हे करता येतं. किनाऱ्यावर उतरलेल्या, वाळूत पोट टेकून पडलेल्या सैनिकाला ते जमत नाही. "आमच्याच तोफा आमच्यावर पडताहेत, मारा पुढे सरकवा" हा निरोप अर्ध्या तासानं पोचून काय उपयोग?

फिलिप जॉन्स्टन नावाच्या गृहस्थानं यावर उपाय सुचवला. तो मिशनऱ्याचा मुलगा, नावाहोंमध्येच वाढलेला आणि त्यांची भाषा बोलणारा. फेब्रुवारी 1942 मध्ये सॅन डिएगोजवळच्या कॅम्प इलियटमध्ये त्यानं मेजर जनरल क्लेटन व्होगेल यांच्यासमोर प्रात्यक्षिक करून दाखवलं. यंत्रावर ज्या निरोपाला अर्धा तास लागायचा, तो नावाहो माणसांनी साधारण वीस सेकंदांत पोचवला, असं सांगितलं जातं. मे महिन्यात 29 तरुण भरती झाले. मरीन दलानं त्यांना एका खोलीत बसवलं आणि कोड तयार करा म्हणून सांगितलं. कोड या 29 जणांनी बांधला, जॉन्स्टननं नाही. हे सांगायला हवं, कारण पुष्कळ ठिकाणी सगळं श्रेय त्यालाच दिलेलं असतं.

कोड चालायचा कसा?

यात दोन पदर होते. पहिला सोपा. लष्करात लागणाऱ्या वस्तूंना नावाहोत शब्दच नव्हते, मग ओळखीच्या गोष्टींची नावं त्यांना दिली. पाणबुडी म्हणजे बेश-लो, लोखंडी मासा. युद्धनौका म्हणजे लो-त्सो, देवमासा. रणगाडा म्हणजे कासव, लढाऊ विमान म्हणजे हमिंगबर्ड, बॉम्ब टाकणारं विमान म्हणजे गिधाड आणि बॉम्ब म्हणजे त्याची अंडी. हातबॉम्बला त्यांनी बटाटा म्हटलं. ज्यानं कुणी हे सुचवलं असेल, त्यानं हातबॉम्ब एकदा तळहातावर घेऊन पाहिला असणार.

दुसरा पदर अक्षरांचा. बेटांची, माणसांची नावं यादीत कुठून असणार? ती एकेक अक्षर करून सांगावी लागत. त्यासाठी प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक इंग्रजी शब्द धरायचा आणि बोलताना त्याचा नावाहो प्रतिशब्द बोलायचा.

आपल्या भाषेत करून पाहू. समजा, तुम्हाला 'कॅम्प' हा इंग्रजी शब्द पाठवायचाय. इंग्रजी स्पेलिंगमधलं सी म्हणजे काऊ, ए म्हणजे अँट, एम म्हणजे मंकी, पी म्हणजे पीकॉक. तुम्ही रेडिओवर म्हणणार: "गाय, मुंगी, माकड, मोर." पलीकडे बसलेला मराठी माणूस, ज्याला ही युक्ती ठाऊक आहे, तो कागदावर 'कॅम्प' लिहून घेतो. युक्ती ठाऊक नसलेल्या मराठी माणसाला वाटतं, कुणीतरी बालवाडीचा तक्ता वाचतंय. आणि ज्याला मराठीच येत नाही, त्याला तर एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हेही कळत नाही.

पुढं आणखी एक काळजी घेतली. कोड फोडणारे एकच शब्द किती वेळा येतो हे मोजत बसतात. इंग्रजीत काही अक्षरं सारखी येतात, त्यामुळे मोजदाद केली की ती उघडी पडतात. म्हणून जास्त लागणाऱ्या अक्षरांना एकाहून अधिक शब्द दिले. 'ए'साठी वोल-ला-ची म्हणजे मुंगी, बे-ला-साना म्हणजे सफरचंद किंवा त्से-निल म्हणजे कुऱ्हाड, यांपैकी मनाला येईल तो शब्द वापरायचा. सुरुवातीला सुमारे 200 शब्दांची असलेली यादी युद्ध संपेपर्यंत दुपटीच्या आसपास गेली होती. आघाडीवर ती कागदावर न्यायची नाही, सगळी तोंडपाठ.

"पण ते तर आपली मातृभाषाच बोलत होते ना?"

ही शंका हमखास येते आणि तिचं उत्तर एका माणसाच्या अंगावर लिहिलेलं होतं. जो कियूमिया हा नावाहो सैनिक फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडला. तो कोड टॉकर नव्हता. त्याला या योजनेची खबरही नव्हती. जपान्यांना जेव्हा कळलं की रेडिओवर ऐकू येणारी भाषा नावाहो आहे, तेव्हा त्यांनी त्याला ते संदेश ऐकवले आणि अर्थ सांग म्हणून त्याचे हाल हाल केले. त्याला शब्द कळत होते, पण अर्थ लागत नव्हता. गाय, मुंगी, माकड, मोर. तो काय सांगणार? साडेतीन वर्षांच्या कैदेतून तो जिवंत परतला.

म्हणजे नुसती भाषा पुरेशी नव्हती आणि नुसता कोडही पुरेसा नव्हता. नावाहो भाषेत सुरांच्या चढउतारानं अर्थ बदलतो, क्रियापदांची रूपं अतिशय गुंतागुंतीची आहेत आणि तेव्हा तिच्यात लिखाण फारसं नव्हतं. त्यावर ही अदलाबदल चढवल्यावर जपान्यांनी हात टेकले.

युद्ध संपेपर्यंत सुमारे 400 नावाहो कोड टॉकर म्हणून काम करून गेले. इवो जिमा या जपानी बेटावरच्या लढाईत, फेब्रुवारी 1945 मध्ये, पहिल्या 48 तासांत सहा जणांनी 800 हून अधिक निरोप दिले-घेतले आणि त्यांत एकही चूक नव्हती. पाचव्या मरीन डिव्हिजनचे सिग्नल अधिकारी मेजर हॉवर्ड कॉनर यांचं म्हणणं असं की नावाहो नसते तर मरीन्सना इवो जिमा घेताच आलं नसतं. आणि याच माणसांपैकी काहींना आपल्याच बाजूच्या सैनिकांनी जपानी समजून बंदूक रोखून धरलं होतं.

मग मान मिळायला इतका उशीर का?

ठरावीक उत्तर असं की कोड गुप्त होता. ते खरं आहे, पण अर्धंच. पुन्हा उपयोगी पडेल म्हणून लष्करानं तो झाकून ठेवला, आणि घरी परतलेल्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. कितीतरी जणांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. 1968 मध्ये गुप्तता उठली. इथवर कारण पटतं.

त्यानंतरची वर्षं मोजा. 1982 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 14 ऑगस्ट हा नावाहो कोड टॉकर दिवस जाहीर केला. संसदेचं सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला 2000 च्या डिसेंबरात आणि ते प्रत्यक्ष हातात पडलं जुलै 2001 मध्ये. गुप्तता उठून 33 वर्षं झाली होती. पहिल्या 29 पैकी तोवर पाचच हयात होते. बाकीच्या कोड टॉकरांना त्याच वर्षी नोव्हेंबरात विंडो रॉकला रौप्यपदकं दिली. नावाहो भाषेतून शत्रूला हरवलं, असा मजकूर पदकावर नावाहोतच कोरलेला आहे.

गुप्ततेचा बहाणा चालत नाही, असं आणखी एक प्रकरण आहे. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1918 मध्ये, फ्रान्समधल्या लढाईत चोक्टॉ जमातीचे सैनिक टेलिफोनवर आपल्या भाषेत निरोप देत होते. मशीनगनला ते "झटपट उडणारी लहान बंदूक" म्हणायचे आणि बटालियनचा आकडा मक्याच्या दाण्यांनी सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात कोमांची जमातीचे सैनिक फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या, 'युटा' असं टोपणनाव दिलेल्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या कोडमध्ये हिटलरचं नाव "वेडा गोरा माणूस" असं होतं. या दोन्ही जमातींना फ्रान्सनं 1989 मध्ये आपला राष्ट्रीय सन्मान दिला. खुद्द अमेरिकेनं 2008 मध्ये कायदा केला आणि 20 नोव्हेंबर 2013 ला वॉशिंग्टनमध्ये समारंभ करून 33 जमातींच्या कोड टॉकरांची दखल घेतली. कोमांचींपैकी शेवटचे चार्ल्स चिबिटी 2005 मध्येच वारले होते. ज्या चोक्टॉ सैनिकांपासून हे सगळं सुरू झालं, त्यांच्यापैकी तर एकही पाहायला नव्हता. पदकं जमातीनं आणि घरच्यांनी घेतली.

ज्या सरकारनं जमीन घेतली, त्याच्यासाठी का लढले?

बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. जमातीतल्या माणसांनी याची उत्तरं अनेक दिली आहेत आणि ती एकमेकांशी जुळतातच असं नाही. कुणाला पगार हवा होता, कारण घरी मेंढ्या उरल्या नव्हत्या. कुणाला घराबाहेर पडायचं होतं. पीटर मॅकडोनाल्ड तर पंधराव्या वर्षी वय लपवून भरती झाले, आणि पुढे ते नावाहो नेशनचे अध्यक्ष झाले. पण जे उत्तर सारखं कानावर येतं ते जमिनीचं. सरकार कुणाचंही असो, ही भूमी आमची आणि तिच्यावर कुणी चालून येत असेल तर आम्ही उभे राहणार. 1940 च्या जूनमध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याच्याही आधी, नावाहो परिषदेनं देशाच्या रक्षणाला उभं राहण्याचा ठराव केला होता. कोडमध्येही अमेरिकेसाठी शब्द होता ने-हे-माह, आपली आई.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे 44,000 मूळ अमेरिकी रहिवासी सैन्यात होते, आणि त्यांची एकूण लोकसंख्याच तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास होती. कोड टॉकर त्यांतले काही शेकडा. मला स्वतःला वाटतं, कोडची गोष्ट इतकी रंजक आहे की तिनं बाकीच्यांना झाकून टाकलं. स्वयंपाकी, ट्रक चालवणारे, दवाखान्यातल्या नर्स, खंदकात मेलेले, यांचं नाव घ्यायला चित्तथरारक काही लागत नाही, म्हणून ते कुणी घेतही नाही.

परतल्यावर काय मिळालं?

1924 च्या कायद्यानं सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं होतं. पण मतदानाचे नियम राज्यांच्या हातात. ॲरिझोनानं म्हटलं, हे लोक सरकारच्या पालकत्वाखाली आहेत, म्हणजे अल्पवयीन मुलांसारखे. त्यांना मत नाही. न्यू मेक्सिकोनं म्हटलं, हे कर भरत नाहीत. इवो जिमाहून परतलेला सैनिक आपल्या राज्यात मतदान करू शकत नव्हता. 1948 मध्ये ॲरिझोनात फ्रँक हॅरिसन आणि हॅरी ऑस्टिन, तर न्यू मेक्सिकोत मिगेल त्रुहियो यांनी कोर्टात जाऊन हे नियम पाडले. हॅरिसन आणि त्रुहियो दोघंही महायुद्धातून आलेले सैनिक. युटात हा अडसर 1957 पर्यंत टिकला.

घराचं प्रकरण जास्त गुंत्याचं, म्हणून थोडं थांबून पाहू. 1944 च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांना घरासाठी स्वस्त कर्ज मिळणार होतं. सरकार फक्त हमी देणार, पैसे बँक देणार. बँक कर्ज देताना जमीन तारण मागते. पण जमातींसाठी राखून ठेवलेल्या मुलखातली बरीचशी जमीन जमातीच्या वतीनं केंद्र सरकारच्या नावावर असते, म्हणजे विश्वस्त म्हणून. ती जमातीच्या हातून जाऊ नये ही त्यामागची सोय. जी जमीन विकता येत नाही ती तारणही ठेवता येत नाही, आणि जी तारण ठेवता येत नाही तिच्यावर बँक पैसे देत नाही. गोऱ्या सैनिकांनी त्या योजनेतून वसाहतीच्या वसाहती उभारल्या. हक्क कागदावर दोघांनाही सारखाच होता. माजी सैनिकांच्या खात्यानं जमातीच्या जमिनीवर थेट कर्ज देण्याची योजना आणली ती 1992 मध्ये. 1945 ला पंचविशीत असलेला सैनिक तोवर सत्तरीला आला होता.

पदक देणं हा मानाचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

जमातीचा स्वतःचा मान कसा असतो?

सरकारी समारंभाची वाट न पाहता जमातींनी आपल्या सैनिकांना आपल्या रीतीनं घरात घेतलं. नावाहो समजुतीप्रमाणे लढाईत मेलेल्यांची सावली परतणाऱ्याच्या मागे लागते. त्यासाठी एनिमी वे नावाचा अनेक दिवसांचा विधी असतो. मंत्र जाणणारा गायक, म्हणजे 'हाताली', गातो, घरचे आणि शेजारपाजारचे जमतात, मेंढ्या कापून सगळ्यांना जेवण होतं. नेझ यांना रात्री जपानी सैनिक दिसायचे. त्यांच्यासाठी घरच्यांनी हा विधी केला आणि त्यांना त्यानं बरं वाटलं, असं त्यांनीच सांगितलंय. आज डॉक्टर ज्याला युद्धाचा मानसिक आघात म्हणतात, त्यावरचा हा जुना इलाज, आणि त्याचा खर्च सैनिकावर एकट्यावर नसतो.

मैदानी मुलखातल्या जमातींच्या पॉवॉ या नाचमेळ्यात मिरवणूक शिरते तेव्हा पुढे गरुडपिसांचा दंड आणि झेंडे घेऊन माजी सैनिक असतात. नाचता नाचता कुणाचं गरुडपीस खाली पडलं तर ढोल थांबतो. ते कुणीही उचलायचं नसतं, माजी सैनिकानं उचलायचं.

वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर 11 नोव्हेंबर 2020 ला मूळ अमेरिकी माजी सैनिकांचं स्मारक खुलं झालं. संसदेनं परवानगी दिली होती 1994 मध्ये. शायान आणि अरापाहो जमातीचे, व्हिएतनामला जाऊन आलेले हार्वी प्रॅट यांनी ते घडवलं. दगडी ढोलावर उभं असलेलं पोलादी वर्तुळ आणि भोवती भाले. येणारे लोक त्या भाल्यांना नवसाच्या, प्रार्थनेच्या चिंध्या बांधून जातात.

याच्या उलट दृश्य 27 नोव्हेंबर 2017 चं. व्हाइट हाउसमध्ये तीन वृद्ध कोड टॉकरांचा सत्कार होता आणि मागच्या भिंतीवर चित्र लटकत होतं अँड्र्यू जॅक्सन यांचं. 1830 मध्ये आदिवासींना हुसकावण्याच्या कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष ते हेच. भाषणात ट्रम्प यांनी एका विरोधी सिनेटरला "पोकाहोंटास", म्हणजे इतिहासातल्या एका आदिवासी स्त्रीचं नाव, म्हणून टोमणाही मारून घेतला. सत्कार झाला की उरकला, कुणी काहीही म्हणो.

दिलेलं पदक काढून घेता येतं का?

हा वाद अजून धुमसतोय. 29 डिसेंबर 1890 ला वुंडेड नी इथं सातव्या घोडदळानं लाकोटा जमातीच्या अडीचशेहून जास्त माणसांना मारलं. त्यांत बायका, मुलं पुष्कळ. त्या दिवसाच्या 'पराक्रमा'साठी सुमारे वीस सैनिकांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. ते लष्करातलं सर्वोच्च पदक. 1990 मध्ये संसदेनं घटनेबद्दल खेद व्यक्त केला, पण पदकांना हात लावला नाही. 2024 मध्ये फेरतपासणीचा आदेश निघाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी पदकं कायम राहणार असं जाहीर केलं. ज्या लाकोटा घरांतली मुलं पुढे याच सैन्यात गेली, त्यांना आपल्या पोराच्या छातीवरचं पदक आणि पणजोबाच्या मारेकऱ्याचं पदक यांत फरक कसा करायचा हे कुणी सांगितलेलं नाही.

"सैनिक सगळे सारखेच, मग यांना वेगळं काय?"

शेवटचा आक्षेप, आणि तो नेहमीच वाईट हेतूनं घेतला जातो असं नाही. गणवेश एकच, पगार एकच, गोळीही जात पाहत नाही. खरंय. पण वर पाहिलं तसं, मतपेटी आणि बँक मात्र पाहत होत्या. सवलत वेगळी दिली जाते ती अडसर वेगळा होता म्हणून. अडसर गेला की सवलतीचं काय करायचं ते बोलू. तो अजून गेलेला नाही. राखीव मुलखात कितीतरी घरांना रस्त्याचं नाव, घराचा नंबरच नाही. टपाल पेटी क्रमांकावर येतं. नॉर्थ डकोटानं मतदार ओळखपत्रावर घराचा पक्का पत्ता सक्तीचा केला तेव्हा जमातींना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, आणि तडजोड झाली ती 2020 मध्ये.

ऑक्टोबर 2024 मध्ये जॉन किन्सेल सीनियर वयाच्या 107 व्या वर्षी गेले, तेव्हा नावाहो कोड टॉकरांपैकी दोघेच मागे उरल्याची बातमी होती. नंतरच्या युद्धांतले सैनिक मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी अलीकडे एक नवी गोष्ट झाली आहे. 2020 च्या कायद्यामुळे मूळ रहिवासी माजी सैनिकांना माजी सैनिकांच्या खात्याच्या दवाखान्यात उपचारांसाठी पदरचे पैसे भरावे लागत नाहीत. अंमल सुरू झाला 2023 मध्ये. फक्त ही माफी आपोआप लागू होत नाही. फॉर्म भरून सोबत जमातीच्या सदस्यत्वाचा कागद जोडावा लागतो.